घेण्याची मर्यादा : लसूणघास, गोग्रास आणि अहिंसा

एका जिवाची भूक भागवण्यासाठी दुसऱ्या जिवाला वारंवार कापणे धर्म्य आहे का, आणि असेल तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न भारतीय नीतिविचारात जुना असला तरी चारापिकांच्या संदर्भात तो फारसा विचारला जात नाही. गोग्रास, म्हणजे स्वतः जेवण्यापूर्वी गाईसाठी काढून ठेवलेला घास, हे गृहस्थाचे पुण्यकर्म मानले गेले आहे. परंतु गाईपुढे पडणारा हिरवा चारा हाही एका सजीवाचेच अंग असतो. ज्वारी किंवा गहू दाणा पक्व होऊन ताट वाळल्यावर कापला जातो, त्या वेळी रोपाचे आयुष्य बहुधा सरलेले असते. लसूणघास मात्र ऐन फुलोऱ्याच्या तोंडावर, म्हणजे तारुण्यात कापला जातो, पुन्हा वाढतो आणि पुन्हा कापला जातो. म्हणून अहिंसेच्या विचाराला हे पीक विशेष अडचणीत टाकते, आणि त्याच कारणाने ते विशेष बोधकही ठरते.

लसूणघास ही इराण व मध्य आशियाच्या प्रदेशातून जगभर पसरलेली, मेथीशी नाते सांगणारी द्विदल वनस्पती आहे. पश्चिम महाराष्ट्रातील दूध उत्पादक शेतकरी तिला नुसते ‘घास’ म्हणतात, त्यामुळे तोंडी घ्यायचा घास आणि शेतातला घास असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेक्टरी सुमारे २५ किलो बियाणे ओळींत पेरले जाते. पहिली कापणी साधारण ५० ते ५५ दिवसांनी आणि पुढच्या कापण्या २५ ते ३० दिवसांच्या अंतराने होतात, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला आर. एल. ८८ यासारखा बहुवार्षिक वाण नीट राखल्यास तीन-चार वर्षे चारा देतो. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकाला उपलब्ध करून देतात. म्हणूनच हा चारा प्रथिनांनी समृद्ध असतो आणि पीक मोडल्यावर जमीनही पूर्वीपेक्षा सकस झालेली असते.

अशा पिकाला विळा लावणे ही हिंसा नव्हे, असे जैन दर्शन म्हणत नाही. त्या दर्शनानुसार वनस्पती ही एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शाची जाणीव असलेली, स्थावर जीव आहे. तथापि गृहस्थाच्या हिंसेचे तेथे चार प्रकार केले आहेत : मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत घडणारी उद्योगी आणि स्वसंरक्षणात घडणारी विरोधी. यांपैकी संकल्पी हिंसा गृहस्थाने पूर्णपणे वर्ज्य करावी आणि उरलेल्या तिन्ही शक्य तितक्या कमी कराव्यात, अशी अपेक्षा आहे. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज मोठ्या प्रमाणावर शेतकरी असल्याने हा भेद तेथे केवळ ग्रंथात राहत नाही. स्मृतिग्रंथांची भूमिकाही याच्या जवळची आहे : चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीव मरतात, हे मान्य करून त्यांनी पंचमहायज्ञ सांगितले, आणि इतर प्राण्यांना अन्नाचा वाटा देणारा भूतयज्ञ त्यांपैकीच एक होय. दोन्ही परंपरा गृहस्थाला निष्पाप ठरवत नाहीत; त्या त्याला मर्यादा घालून देतात.

ही मर्यादा कशी ओळखायची, हे जैन परंपरेतील जांभळाच्या झाडाच्या दृष्टान्तातून स्पष्ट होते. सहा भुकेल्या माणसांपैकी पहिला झाड मुळापासून तोडू म्हणतो, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा लहान फांद्या, चौथा घोस आणि पाचवा फक्त पिकलेली फळे. सहावा खाली पडलेली जांभळे वेचण्यातच समाधान मानतो. भूक सर्वांची सारखीच असते, पण कृष्ण ते शुक्ल अशा सहा लेश्या, म्हणजे मनोवृत्तीच्या छटा, त्यांच्या मागण्यांतून उघड होतात. लसूणघासाच्या वाफ्यात हा भेद विळ्याच्या उंचीत दिसतो. जाणता कापणारा जमिनीपासून दोन-तीन इंचांचा बुडखा राखतो, कारण नवे धुमारे तेथील डोळ्यांतून फुटतात. आणि साधारण दहा टक्के फुले येईपर्यंत तो थांबतो, कारण कापणीनंतर पाने नसलेले रोप मुळांत साठवलेल्या अन्नावर पुन्हा उभे राहते व तो साठा भरून निघायला काही आठवडे लागतात. साठा भरण्याआधीच विळा पुन्हा पुन्हा फिरला, तर पीक विरळ होत जाते आणि अखेर मरते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. बुडखा राखण्यात शेतकऱ्याचा स्वतःचाच लाभ असतो, पुढची कापणी त्यालाच हवी असते. मग या संयमाला व्यवहारज्ञान म्हणावे, धर्म कशाला? शिवाय रोप कसे वाढते या वस्तुस्थितीतून माणसाने कसे वागावे हे कर्तव्य थेट निघत नाही. हा आक्षेप मान्यच केला पाहिजे : हिशेबात बसणारी मर्यादा ही धर्माची पूर्वतयारी आहे, धर्म नव्हे. धर्म सुरू होतो तो हिशेब संपतो तेथे. लसूणघासाच्या पेरणीच्या दिवसांतच, आश्विन वद्य द्वादशीला, वसुबारस येते. त्या दिवशी सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची, पूजा होते आणि अनेक घरांत स्त्रिया दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. दुधावर पहिला हक्क वासराचा आहे, ही जाणीव त्या वर्ज्यात आहे, आणि न घेतलेल्या त्या दुधातून घराला काहीच मिळत नाही.

घेण्याला जशी मर्यादा हवी, तशी देण्यालाही जाण हवी. मुंबईत देवळाबाहेर गाय बांधून शेजारी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या विकल्या जातात आणि भाविक श्रद्धेने एकामागून एक पेंढी गाईपुढे टाकतात. परंतु कोवळा, ओला लसूणघास उपाशी जनावराने भरपूर खाल्ला, तर पोटात फेसाळ वायू कोंडून पोटफुगी होते, आणि वेळीच उपाय न झाल्यास जनावर दगावते. म्हणून गोठ्यातला जाणकार कापलेला घास काही वेळ सुकू देतो आणि कडब्याच्या कुट्टीत मिसळून बेताने घालतो. गीतेने सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र यांचा विचार आवश्यक मानला आहे. घेणाऱ्याचे शरीर काय पेलू शकते, हे जाणणे पात्रविचारातच मोडते. केवळ देणाऱ्याच्या समाधानासाठी दिलेला गोग्रास गाईच्या वाट्याला दुःखच आणू शकतो.

हाच विचार पाण्यालाही लागू होतो. उन्हाळ्यात लसूणघासाला आठ-दहा दिवसांनी पाण्याची पाळी द्यावी लागते. ज्या गावात विहिरींचा तळ दिसू लागला आहे, तेथे एका वाफ्याचा हिरवेपणा शेजाऱ्याच्या हंड्यातून येत असतो. परत न करता भोगणाऱ्याला गीता चोर म्हणते, आणि येथे परतफेड करण्याची जागा शेजाऱ्याचे दार ही आहे. तेव्हा चाऱ्यासाठी जीव कापणे निर्दोष आहे का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे; दोष असतो, तो कमी करता येतो आणि त्याचे देणे फेडता येते. हे देणे अनेक गोठ्यांत रोज फेडले जाते : धार काढणारी बाई तीन सड पिळते, चौथा तसाच ठेवून उठते आणि वासराचे दावे सोडते.