छापणारा कोण, पाठवणारा कोण?

वर्तमानपत्रात एका पानाच्या तळाशी बारीक टायपात एक मजकूर असतो. मालक, मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, संपादक अमुक, प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, वाद उद्भवल्यास अमुक न्यायालयाच्या कक्षेत. दिवाळी अंकातही तो असतो, अनुक्रमणिकेच्या आसपास कुठेतरी. कोणी वाचत नाही. अख्ख्या अंकातला सगळ्यात रुक्ष मजकूर हाच. पण छापलेलं खोटं निघालं तर कोणाच्या दारात जायचं, हे तेवढाच सांगतो.

ही सक्ती इंग्रजांची. १८६७च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-गाव घालणं बंधनकारक झालं. सरकारला सत्याची चाड होती म्हणून नव्हे; उद्या पकडायचं कोणाला, हे आधीच ठाऊक असावं म्हणून. हा कायदा दीडशे वर्षांहून अधिक टिकला आणि २०२४च्या मार्चमध्ये त्याच्या जागी नवा आला. हेतू पाळतीचा असला तरी वाचकाच्या पदरात मात्र एक हक्क पडला: सांगणाऱ्याचं नाव कळण्याचा.

त्या नावाची किंमत किती, ते ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांना अगदी कोवळ्या वयात कळलं. दोन्ही पत्रं १८८१च्या जानेवारीत सुरू झाली. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ चालला आहे आणि त्यामागे कारभारी महादेव बर्वे आहेत, असा गवगवा तेव्हा होता. बर्व्यांची म्हणून काही पत्रं या मंडळींच्या हाती आली, त्यांच्या आधाराने मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट ठरली. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. दोघांनी माफी मागितली, तरी १८८२च्या जुलैमध्ये प्रत्येकी चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघांचीही सव्विशी, टिळकांचा तर तो वाढदिवस तुरुंगातच गेला. एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले, तेव्हा लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं.

शाळेत ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतात. ती पत्रकारितेतल्या चुकीचीही आहे, हे जरा दबक्या आवाजात. बनावट कागद खरा मानून छापणं, ही आजच्या भाषेत फेक न्यूजच. फरक पुढे पडला: ज्यांची नावं पत्रावर होती ते कोर्टात उभे राहिले, चुकलो म्हणाले आणि आत गेले. ‘आमच्याकडे जसं आलं तसं छापलं’ हा बचाव चालला नाही.

छापखान्याआधी गावाला बातमी कळायची ती दवंडीने. चावडीपासून वेशीपर्यंत कोतवाल हलगी वाजवत फिरायचा. लिलाव, जप्ती, महसुलाची मुदत सगळं त्याच्या तोंडून. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्तीची दवंडी आजही आहे. ओरडणारा माणूस गावाच्या ओळखीचा आणि त्याच्यामागे पाटील, हेही ओळखीचंच. आकाशवाणी आली तेव्हा माणूस दिसेनासा झाला, नाव मात्र राहिलं. पुणे केंद्रावर सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी बातम्या सुरू होण्याआधी वाचणाऱ्याचं नाव यायचं, आणि सुधा नरवणे यांना कधीही न पाहिलेली माणसं त्यांच्या आवाजावर घड्याळ लावायची.

म्हणजे पूर्वी सगळं नावानिशी होतं, असं मुळीच नाही. देवाच्या नावाने येणारी पोस्टकार्डं पन्नाशीपुढच्या कोणालाही आठवतील: इतक्या जणांना पाठवा, लॉटरी लागेल, फाडून टाकलंत तर घरात अघटित घडेल. खाली सही कोणाचीच नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध प्यायला लागला, तेव्हा मोबाइल हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांकडे होता. वार्ता फिरली ती लँडलाइनवर आणि तोंडातोंडी, आणि दिवस मावळायच्या आत परदेशातल्या देवळांपुढेही रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताणाचा खेळ दाखवून दिला. पण सकाळी पहिला फोन कोणी केला?

नाव लावण्याची हौस माणसाला कमी नाही. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ म्हणून तीस-तीस चेहरे दाटीवाटीने उभे असतात, कोपऱ्यातल्याचा अर्धा कान कापला गेला तरी चालतो. निवडणुकीच्या पत्रकावर मात्र मुद्रक-प्रकाशकाचं नाव यावं म्हणून कायदाच करावा लागला. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तसं कलम आहे.

मग मोबाइलवर ‘जसं आलं तसं पुढे पाठवतोय’ आलं. या चार-पाच शब्दांत मुद्रकही सुटला, प्रकाशकही.

२०१७-१८मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या चित्रफिती देशभर फिरत होत्या. त्यातली एक अशी: गल्लीत मुलं खेळताहेत, मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि पसार होतात. ती कराचीत तयार झालेली जनजागृतीची फीत होती. मुळात ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुलांना जपा, असं सांगणारा फलक उलगडून दाखवतात. कोणीतरी नेमका तो शेवट कापला. फीत कोणी आणि कशासाठी बनवली हे सांगणारा भाग तोच होता. तळाची ओळ फाडून वर्तमानपत्र वाटावं, तसा प्रकार.

१ जुलै २०१८ला, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. मुलं पळवणारे आले, अशा संशयावरून जमावाने त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. २०२४मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. त्या अफवा कोणाकोणाच्या बोटांतून तिथवर आल्या, याचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

त्यानंतर व्हॉट्सॲपने काय केलं? ‘फॉरवर्डेड’चं लेबल लावलं, एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि खोटी बातमी कशी ओळखावी हे सांगायला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, मग आकाशवाणीवरही. कंपनीचा निरोप कोट्यवधी खिशांत थेट पोचत होता, तरी विश्वासाने ऐकला जावा म्हणून तिला नाव-पत्ता छापणारा कागद आणि जुनाच रेडिओ लागला. हे हसण्यावारी नेण्याजोगं नाही.

मग निनावी माहितीवर सरसकट बंदी घालावी का? इथे १९४२ आडवं येतं. ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ‘हिंदुस्थानातून कुठून तरी’ एवढाच त्याचा पत्ता. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून ट्रान्समीटर घरोघर हलत राहिला, आणि १२ नोव्हेंबरला पकडला गेला. उषाबाईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी नाव लपवलं होतं, पण मान सुरीखाली ठेवून. निनावीपणा तोही आणि हाही, पण दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत. सासरा, भाचा आणि सोसायटीचा सेक्रेटरी एकाच गटात ‘जसं आलं तसं’ टाकतात, तेव्हा त्यांच्या गळ्याशी काहीच आलेलं नसतं.

सरकारने २०२१च्या नियमांत यावर एक तोडगा काढला: मागितल्यास संदेशाचा पहिला पाठवणारा कोण ते कंपनीने सांगायचं. व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४मध्ये वकिलांमार्फत सांगितलं की संदेशांचं कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, तोडायला लावलंत तर आम्ही भारतातून जाऊ. कुलूप तुटलं तर पहिली झळ उषाबाईंच्या जातकुळीच्या माणसांना बसेल, ही शंका रास्त आहे. पण त्याहून अवघड प्रश्न पुढचा. कराचीच्या त्या फितीचा पहिला पाठवणारा शोधला, तर सापडेल कदाचित मुलांची काळजी असलेला तिचा निर्माता. मूळ परदेशात निघालं तर भारतातला पहिला पाठवणाराच पहिला धरायचा, अशी सोय नियमात आहे. शेवट कापणारा वेगळा, ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ असं मराठीत जोडणारा वेगळा, आणि घाबरून, काळजीपोटी, नातवंडांच्या आठवणीने पुढे पाठवणारे हजारो. १८६७च्या कायद्याला मुद्रक आणि प्रकाशक अशी दोनच नावं पुरत होती.