जीव वाचलो मा?

माझ्या मावसबहिणीचा अपघात झाला त्या दिवशी आमच्या घरात जो येईल तो एकच वाक्य बोलत होता. "जीव वाचलो मा? बस झाला." देवबागहून मालवणला येताना, जुलैच्या पावसात, एका वळणावर तिची स्कूटर घसरली. हेल्मेट डिकीत होतं. (ते डोक्याऐवजी डिकीत का होतं, यावर मावशी अजून बोलते आहे.) उजव्या भुवईपासून सरळ वर केसांपर्यंत जखम, नऊ टाके. मेंदूला काही नाही, डोळा शाबूत. खरोखरच जीव वाचला होता.

तिसऱ्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच असताना तिने हळूच विचारलं, "दादा, खूण रवतली?"

नेमकी तेव्हाच मावशी पेज घेऊन आत आली. "जीव वाचलो मा? मगे आता आनी काय व्हया तुका?" बहीण गप्प झाली. मी मध्यस्थी करायला गेलो आणि म्हणालो, "केस जरा पुढे घे, कळणारसुद्धा नाही." तेव्हा हे वाक्य मला फार समजूतदार वाटलं होतं. तिचा प्रश्न डॉक्टरांपर्यंत नेण्याचं मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही.

खूण राहिली. बारीक रेघ नाही, चांगली रुंद, उन्हात चकाकणारी. ती तारकर्लीला स्कुबा डायव्हिंगच्या काउंटरवर काम करते. दिवसाला शंभरेक पर्यटकांशी बोलायचं, त्यातले पाच-सहा जण तरी बोट स्वतःच्या कपाळाकडे नेऊन विचारतात, "क्या हुआ था?" ती म्हणते, "शार्क." हे मला आवडतं. पण रोज पाच-सहा वेळा विनोद करायला लागणं, हेही एक कामच आहे.

या वर्षी कधीतरी वाचताना मला कळलं, की टाके ताजे असताना जखमेच्या आजूबाजूला बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, व्रण बारीक राहावा म्हणून. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. हे तिला सांगायचं का?

आधी हे काय आहे ते सांगतो. बोटुलिनम टॉक्सिन हे आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जहाल विष. एका जिवाणूपासून तयार होतं. 1820च्या दशकात युस्टिनस केर्नर नावाच्या जर्मन डॉक्टराने, जो कवीही होता, खराब सॉसेज खाऊन मेलेल्या लोकांचा अभ्यास केला. नावही त्यावरूनच, लॅटिनमध्ये 'बोटुलुस' म्हणजे सॉसेज. 1895 साली बेल्जियममधल्या एका गावात मयताला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं, तिघे मेले, आणि त्या प्रकरणातून हा जिवाणू सापडला. हे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. स्नायू लुळा पडतो. श्वासाचे स्नायू लुळे पडले तर माणूस मरतो. पण अगदी अल्प मात्रेत एकाच स्नायूत दिलं तर तेवढाच स्नायू तीन-चार महिने झोपतो. अमेरिकेत याला पहिली मान्यता 1989मध्ये मिळाली ती तिरळे डोळे आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी. सुरकुत्या त्यानंतर, 2002मध्ये.

आता व्रण. व्हिएन्नाच्या कार्ल लांगर या शरीरशास्त्रज्ञाने 1861मध्ये मृतदेहांच्या कातडीत गोल टोच्याने भोकं पाडली. भोकं गोल राहिली नाहीत, लांबट झाली. म्हणजे कातडी सतत ताणलेली असते आणि त्या ताणाला दिशा असते. कपाळावर आडव्या आठ्या पडतात, तिथे आडवी जखम त्यातल्या त्यात शहाण्यासारखी भरते. उभी जखम आठ्यांना छेदून जाते. त्यात आपण दिवसभर भुवया उचलतो, कपाळ आकसतो, डोळे वटारतो. वर टाके नीट दिसत असले तरी नव्या पेशीजालात पहिले काही आठवडे फारसा जोर नसतो. प्रत्येक आठीसरशी कडा थोड्या ओढल्या जातात आणि व्रण रुंदावत जातो. ओढणारा स्नायूच काही महिने झोपवला तर जखमेला निवांतपणा मिळतो. 2006मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी कपाळावरच्या जखमांवर हे करून पाहिलं. इंजेक्शन दिलेल्यांचे व्रण न दिलेल्यांपेक्षा बरे दिसले. तैवानमध्ये दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियांनंतरही व्रण अरुंद राहिले. हे अभ्यास लहान आहेत, या कामासाठी औषधाला वेगळी मान्यता नाही, आणि प्रत्येक व्रणाला ते लागू पडेल असंही नाही. जादू नव्हे. पण काहीतरी आहे.

मला अडवणारी गोष्ट वेळेची आहे. इंजेक्शन द्यायचं तर टाके घालतानाच किंवा पुढच्या काही दिवसांत. म्हणजे आपण कसे दिसणार हा प्रश्न त्याच तीन-चार दिवसांत विचारावा लागतो, ज्या दिवसांत घरातला प्रत्येक माणूस देवाला नारळ बोलत असतो. तो विचारायला सगळ्यात लाज वाटावी अशीच ती वेळ. बहिणीने अगदी अचूक वेळेला, अचूक प्रश्न विचारला होता. आम्ही त्याला कृतघ्नपणा समजलो.

जीव चेहऱ्यापेक्षा मोठा, हे कोण नाकारेल? पण मोठी गोष्ट मिळाली म्हणून लहान गोष्ट मागणं पाप कसं होतं? पेज मिळाली म्हणून सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा मागितला तर कोणी अन्नाचा अपमान केला असं आपण म्हणत नाही. "जीव वाचला ना" हे वाक्य दवाखान्याच्या दारात दिलासा असतं. तेच तिसऱ्या दिवशी तोंड बंद करायला वापरलं जातं, आणि वापरणाऱ्याच्या कपाळावर सहसा टाके नसतात.

विमा पॉलिसीत याच प्रश्नावर एक कलम असतं. दिसणं बदलण्यासाठीचे उपचार वगळलेले, मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोग यानंतरची पुनर्रचना चालेल. म्हणजे होतं ते परत मिळवणं रास्त, नव्हतं ते मागणं चैन. ऐकायला बरं वाटतं. पण बहिणीला नेमकं काय परत हवं होतं? तिला गुळगुळीत कपाळ नको होतं. काउंटरवर उभं राहिल्यावर कोणी काही विचारू नये, एवढंच तिला परत हवं होतं.

या मागणीत नवीन काही नाही. टिपूच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर गेलेला कावसजी नावाचा मराठी बैलवाला पकडला गेला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचा पातळ पत्रा तुटक्या नाकावर बसवून माप घेतलं, तो कपाळावर पसरून आखणी केली, तेवढी कातडी सोलून, दोन डोळ्यांमधला जोड तसाच ठेवून, खाली वळवली. जोडावर काताचा लेप लावलेल्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेली कापडं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर 1794च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिचं वर्णन छापून आलं. युरोपातली प्लास्टिक सर्जरी त्यानंतर पुन्हा मार्गी लागली, हे तुम्ही कुठेतरी फॉरवर्डमध्ये वाचलंही असेल.

फॉरवर्डमध्ये नसते अशी एक गोष्ट त्या वर्णनात आहे. कपाळावरचा व्रण काही काळानंतर फारसा दिसत नाही, अशी तिथे मुद्दाम नोंद केलेली आहे. हात गेलेला, कैदेतून सुटून आलेला माणूस, आणि तरी त्याच्या कपाळावरचा वण किती दिसतो हे कोणालातरी लिहून ठेवावंसं वाटलं. नाक नसलं तरी श्वास घेता येतो. पण मराठीत 'नाक कापलं' याचा अर्थ श्वासाशी संबंधित नाही. ती शिक्षाच मुळी इतरांच्या नजरेवर चालणारी होती, आणि त्या पुण्याजवळच्या कारागिराला ते पक्कं ठाऊक असणार.

दुसरी बाजू मला अधिक त्रास देते. आमची आजी कपाळावर आणि हनुवटीवर गोंदलेली होती. मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण, असं ती म्हणायची. दंडावर देवी काढल्याच्या दोन गोल खुणा होत्या. वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात काम केलेली आमची एक नातलग आहे, तिच्या बोटांवर टरफलातल्या तेलाने भाजल्याचे डाग आहेत. या सगळ्यांना आपल्या अंगावरच्या खुणांचं स्पष्टीकरण कधी कोणी मागितलं नाही, कारण त्या पुसता येत नव्हत्या आणि बहुतेकींच्या अंगावर काही ना काही होतंच. खूण पुसता येऊ लागली, की ती ठेवणाऱ्याला जाब द्यावा लागतो. "एवढं इंजेक्शन मिळतं, मग घेतलं का नाहीस?" हा प्रश्न पहिल्यांदा स्थळ घेऊन येणारे विचारतील. आणि ज्यांना ते परवडणार नाही, त्यांचा व्रण मग अपघाताबरोबर गरिबीचीही खूण होईल. काजूवालीच्या बोटांसाठी इंजेक्शन घेऊन कोणी येणार नाही.

म्हणजे बहिणीने घेतलं असतं, तर दुसऱ्या कुणा मुलीवरचं ओझं थोडं वाढलं असतं. हे मला खरं वाटतं, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. पण सगळ्या मुलींचं ओझं कमी करायची जबाबदारी नऊ टाके पडलेल्या मुलीनेच, तिसऱ्या दिवशी, आपल्या कपाळावर घ्यावी, हे सांगायला मी कोण? व्रणांचं कौतुक करणारे लेख मी पुष्कळ वाचलेत. त्यात लढवय्ये असतात, दर्यावर्दी असतात. तेवीस वर्षांची काउंटरवरची मुलगी त्यात मला अजून भेटलेली नाही.

तर सांगायचं का? न सांगण्याची कारणं सोपी होती. वेळ गेली, आता उगाच जखम उकरा कशाला. पण पूर्ण वेळ गेलेली नाही. जुना व्रण कापून पुन्हा शिवता येतो आणि तेव्हा हे इंजेक्शन देतात. म्हणजे गप्प राहिलो असतो तर मी दुसऱ्यांदा तेच केलं असतं, फक्त या वेळी "केस पुढे घे" एवढंसुद्धा न म्हणता.

गेल्या रविवारी खळ्यात बसून सांगितलं. ती सुपारी कातरत होती. सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा म्हणाली, "तेव्हा कोणी कित्या सांगूक नाय?" मी म्हणालो, तू विचारलं होतंस, मीच पुढे विचारलं नाही. ती काही बोलली नाही. अडकित्त्याचा आवाज चालू राहिला.

मग तिने विचारलं, "म्हणजे परत कापूचा? परत टाके?"

"हो."

"आनी कपाळ हलाचा नाय?"

"तीन-चार महिने."

"मगे आवशीक डोळे कशे वटारूचे?" असं म्हणून तिने घराच्या दाराकडे बघत भुवया वर चढवून दाखवल्या. व्रणाच्या दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या, मधे तो तसाच. आतून मावशीने विचारलं, काय हसताय. मे अखेरीला बोटी बंद होतात, तेव्हा बघू, असं ती म्हणाली, आणि मला पैशांचा आकडा विचारून ठेवायला सांगितलं.