बंद केलेला रेडिओ

गाणे चांगले की वाईट हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न आम्हांला प्रथम पडला तो म्हसळ्यात, साठच्या दशकात. वडिलांच्या सरकारी नोकरीतील बदलीमुळे आम्ही त्या डोंगरांच्या कुशीतल्या गावी आलो होतो. दर रविवारी मिस्साबलिदानाला जाणे शक्य नसे. मोठ्या सणाला दिघीहून खाडी ओलांडायची, मुरुडमार्गे कोर्लईला कार्मेल मातेच्या चर्चमध्ये जायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे. चर्च लांब म्हणूनच की काय, घरातल्या शिस्तीविषयी वडील अधिक दक्ष असत. संध्याकाळची पवित्र माळ चुकत नसे आणि प्रायश्चित्तकाळात सिनेमाचे गाणे घरात वाजत नसे.

अशाच एका प्रायश्चित्तकाळात आईने रेडिओ लावला. लताबाईंचे गाणे लागले होते. वडिलांनी काही न बोलता बटण फिरवले. आई चुलीपाशी जाऊन बसली, आणि ती रडत असल्याचे आम्हांला दिसले. ते गाणे आमच्या मामाच्या आवडीचे. मामा बोटीवर नोकरीला असताना वारला होता. वडिलांना हे ठाऊक नव्हते असे नाही. त्या क्षणी ध्यानात आले नाही, एवढेच. पुढे त्या प्रसंगाविषयी आमच्या घरात कोणी अवाक्षर काढले नाही.

वडिलांनी घरात केले तेच डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांनी देशभर केले होते. १९५२ साली ते नभोवाणीमंत्री झाले आणि चित्रपटगीतांवर आकाशवाणीचे दार जवळजवळ बंद झाले. लोकांची अभिरुची घसरते आहे, शास्त्रीय संगीत वाचवले पाहिजे, ही त्यांची तळमळ खरी होती. परंतु श्रोते आपला रेडिओ घेऊन सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तेथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीला ते दार पुन्हा उघडावे लागले. केसकरांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्याच कारकिर्दीत, १९५५ साली, पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' सुरू झाले. वर्षभर चाललेल्या त्या ५६ गीतांनी मराठी घरांना जे दिले, ते बाजाराच्या मागणीवर सोडले असते तर मिळाले असते का, याची आम्हांला शंकाच आहे. कोणीतरी निवड करावी लागते, हे खरेच.

आणखी एक गोष्ट वडिलांना कधी सांगता आली नाही. ज्या संगीताला ते हलके म्हणत, त्यातले कितीतरी व्हायोलिन आणि ट्रंपेट आपल्याच माणसांच्या हाती होते. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांतून, चर्चमध्ये गाता-वाजवता यावे म्हणून मुलांना स्वरलिपी शिकवली जाई. त्यांतलीच काही पुढे मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचली. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालांनी गुरूचे नाव गाण्यातच गुंफले. देश ते नाव आजही गुणगुणतो, पण माणूस कोण ते फारसे कोणाला माहीत नसते. तेव्हा पवित्र संगीत कोठे संपते आणि ऐहिक कोठे सुरू होते? गज तोच, बोटेही तीच.

संत ऑगस्टीन या कोड्यात पुरते अडकले होते. आपल्या 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात ते कबूल करतात की, गायिलेल्या शब्दांपेक्षा गायनानेच आपले मन अधिक हलते तेव्हा आपण पाप करतो, आणि मग न ऐकणेच बरे वाटते. पण लगेच त्यांना आठवतात ते श्रद्धेच्या आरंभकाळी चर्चमधील गीते ऐकताना आलेले अश्रू, आणि कौल गायनाच्या बाजूने झुकतो. आम्हांला यात महत्त्वाचे वाटते ते हे की, हा माणूस स्वतःच्या कानाची झडती घेतो आहे, शेजाऱ्याच्या नव्हे.

पण आईबापांचे काय? लेकरांच्या कानांची राखण त्यांनाच करावी लागते. स्त्रीची विटंबना करणारी गाणी आम्ही आमच्या घरच्या लग्नात वाजू देणार नाही, आणि त्याबद्दल कोणी आम्हांला जुनाट म्हटले तरी चालेल. मात्र विटंबना करणारे गाणे वेगळे आणि नुसते ऐहिक गाणे वेगळे. वडिलांनी बंद केलेल्या गाण्यात पाप नव्हते, एका मेलेल्या भावाची आठवण होती. ती शब्दांत नव्हती, चालीतही नव्हती, ऐकणारीच्या आयुष्यात होती. दुसऱ्याला ती दिसावी कशी? विचारल्याशिवाय दिसणारच नाही.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमचा नातू मोबाईलवर मोठ्याने गाणे ऐकत होता. आम्ही म्हटले, "बंद कर ते." त्याने तत्क्षणी बंद केले आणि तो निमूटपणे उठून आत गेला. त्याचे ते निमूट उठणे आम्हांला ओळखीचे वाटले. थोड्या वेळाने आम्ही त्याच्या खोलीत गेलो आणि विचारले, "बाळा, काय होते रे त्या गाण्यात?"

तो म्हणाला, "आजोबा, ऐकायचे आहे का?" आम्ही बसून ते पूर्ण ऐकले. मग कॉलेज सोडून गेलेल्या एका मित्राविषयी तो बराच वेळ सांगत राहिला. गाणे आम्हांला अजूनही आवडलेले नाही.