थंड काटा

तामलवाडीच्या टोलनाक्याजवळ रस्त्याला लागूनच मिस्तरींचं गॅरेज. नवरात्राच्या तोंडावर सोलापूर–तुळजापूर वडाप करणारा एक जीपवाला तिथे आला. हातात सोलापुरातून आणलेला खोका, त्यात ऑइलचं तापमान दाखवणारा मीटर आणि त्याचा सेन्सर. पाण्याचा काटा गाडीत होताच. पण थर्मोस्टॅटमुळे तो नव्वदीच्या आसपास ठाण मांडून बसतो. भरलेली गाडी तुळजापूरचा घाट चढताना ऑइल किती तापतं, ते त्यावरून कळत नाही. हे कळून घ्यावंसं वाटलं, एवढा तो शहाणा होता.

"चेंबरच्या बोल्टाच्या जागी बसवा की."

"आन् स्पीडब्रेकरला घासलं तर? सगळं ऑइल रस्त्यावर."

मिस्तरींनी फिल्टर उतरवून त्याच्या आणि ब्लॉकच्या मध्ये बसणारी प्लेट घातली. तिच्या भोकात सेन्सर पिळायला पोराला सांगितलं आणि ते दुसऱ्या गाडीखाली शिरले. पोरगा जपून काम करणारा. खोक्यातला तांब्याचा वायसर त्याला फारच पातळ वाटला, म्हणून त्याऐवजी त्यानं आट्यांवर नळाची पांढरी टेप चांगली जाड गुंडाळली. ऑइलचा एक थेंब गळला नाही.

नवरात्र सुरू झालं. घाट चढला तरी काटा ऐंशीच्या वर जाईना. जीपवाल्याची भीड चेपली. फळीवर दोघं वाढले, मग मागे लोंबकळणारे वाढले. गिअर पाडायचा सोडून तो ॲक्सिलरेटर दाबू लागला आणि स्टँडवर बाकीच्यांना मीटर दाखवू लागला. काटा भलतंच वर दाखवायला लागला असता, तर त्यानं पहिल्याच दिवशी टिचकी मारून पाहिली असती. खाली होता, म्हणून देवीची कृपा.

मिस्तरी स्वतः देवीला निघाले ते याच जीपमधून, पुढच्या सीटवर. घाट संपला तेव्हा पाणी पंच्याण्णवावर होतं, ऑइल ऐंशीवर.

"गाडी घे कडंला."

"का ओ? सगळं थंड हाय की."

"म्हणूनच. एवढा माल ओढल्यावर ऑइल पाण्याच्या वर असतंय. खाली कसं राहील?"

मागून आरडाओरडा झाला. आरती चुकणार होती. मिस्तरींनी चालू इंजिनचं बॉनेट उघडलं, वायरचा एक तुकडा सोलला. या सेन्सरला वायर एकच. करंटची परतीची वाट म्हणजे त्याच्या आट्या आणि इंजिनचं लोखंड. तापला की सेन्सरचा अडथळा कमी होतो, करंट जास्त जातो, काटा चढतो. टेपेनं त्या वाटेतच आपला अडथळा घातला होता आणि मीटरला तो थंडावा वाटत होता. मिस्तरींनी वायरचं एक टोक सेन्सरच्या अंगाला लावलं, दुसरं ब्लॉकला. काटा ऐंशीवरून उठला तो एकशे तीसला जाऊन थांबला.

जीपवाला म्हणाला, "वायर काढा, मीटर बिघडंल."

मिस्तरींनी काढली. काटा मुकाट ऐंशीवर आला. पुन्हा लावली, एकशे तीस. असं आणखी एकदा. मागच्या बाकावरची एक म्हातारी हे सगळं वाकून बघत होती. ती पिशवी उचलून उतरली, "चालतच येते मी, बाबा," म्हणाली. तिच्यामागं बरेच जण उतरले. कुणी निम्मं भाडं परत मागितलं आणि जीपवाल्यानं कुरकुरत दिलं.

रात्री गॅरेजवर मिस्तरींनी डिपस्टिक ओढली. नवरात्राच्या आधी भरलेलं ऑइल काळं पडलं होतं, जळकट वास येत होता. ते बदललं. बेअरिंग वाचलं होतं की नाही, ते इंजिन खोलल्याशिवाय सांगता येणार नाही, असं त्यांनी जीपवाल्याला तोंडावर सांगितलं. मग सेन्सर काढून पोराच्या हातात दिला. आट्यांवरची टेप ब्लेडनं खरवडून घेतली, आट्या पेट्रोलनं धुवून घेतल्या. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी आणवून सेन्सर त्यात बुडवला, अंगाला अर्थिंगची वायर धरली. काटा शंभराच्या जवळ आला. आता नुसत्या वायसरवर पीळ, म्हणाले.

पोराचा हात अडला. "मामा, गळलं तर?"

"गळू दे. सकाळी खाली डाग दिसंल."