सहा महिन्यांची उसनवारी

मंत्र्याने सभागृहात बसावे की नाही, या प्रश्नाचे इंग्लंडने सुरुवातीला दिलेले उत्तर आजच्या नेमके उलट होते. राजा पदांची खिरापत वाटून खासदार विकत घेईल, या भीतीने १७०१ च्या कायद्यात राजाच्या पगारी पदाधिकाऱ्यांना हाउस ऑफ कॉमन्सची दारे बंद केली गेली. ती तरतूद अमलात येण्याआधीच बदलली आणि तडजोड निघाली. मंत्रिपद स्वीकारणाऱ्या खासदाराने जागा सोडायची आणि मतदारांचा नव्याने कौल घ्यायचा. १९०८ मध्ये मंत्रिमंडळात आलेले विन्स्टन चर्चिल अशाच पोटनिवडणुकीत मँचेस्टरला हरले. मग त्यांना डंडीतून निवडून यावे लागले. १९२६ मध्ये ही अट पूर्ण गेली. तोवर चिंताच पालटली होती : मंत्री सभागृहाबाहेर राहिला, तर त्याला जाब कोण विचारणार?

आपल्याकडे आली ती ही दुसरी चिंता. १९१९ च्या कायद्याने प्रांतांतल्या मंत्र्यांना निवडून येण्यासाठी सहा महिने दिले, १९३५ च्या कायद्याने ती मुदत कायम ठेवली आणि तिथून ती राज्यघटनेच्या कलम ७५(५) व १६४(४) मध्ये उतरली. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर हरकत आली. मंत्री पहिल्या दिवसापासून निवडून आलेलाच हवा, अशी दुरुस्ती मोहम्मद ताहिर यांनी मांडली. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे, की एखादा लायक माणूस मतदारसंघाच्या रोषामुळे हरू शकतो. तेवढ्यावरून तो मंत्रिपदाला अपात्र ठरू नये. शिवाय सभागृहाचा विश्वास असलेल्या मंत्रिमंडळाचाच तो भाग असतो, त्यामुळे सामूहिक जबाबदारीलाही धक्का लागत नाही. मला हा युक्तिवाद आजही पटतो. १९५२ मध्ये स्वतःची निवडणूक हरलेले मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्याची कसोटी लागलीच.

पण उसनवारीला परतफेडीची तारीख असते. पंजाबात ती पुसण्याचा प्रयत्न झाला. सप्टेंबर १९९५ मध्ये मंत्री झालेले तेजप्रकाश सिंग सहा महिन्यांत निवडून आले नाहीत, त्यांनी राजीनामा दिला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये, विधानसभा तीच असताना, न निवडून येताच त्यांना पुन्हा शपथ देण्यात आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फेरनियुक्ती घटनाबाह्य ठरवली. एकाच विधानसभेच्या काळात ही सवलत पुन्हा मिळणार नाही, हे तेव्हा पक्के झाले. कलमाच्या शब्दांत हे कुठेच नव्हते. न्यायालयाने ते लोकशाहीच्या अर्थातून काढले, आणि योग्यच केले.

एक फट मात्र तशीच राहिली. कलमाला विधिमंडळाचे कोणतेही सभागृह चालते. म्हणून १९५२ मध्ये राजाजी मद्रासचे मुख्यमंत्री झाले ते विधान परिषदेवरच्या राज्यपालनियुक्त जागेच्या आधाराने. महाराष्ट्रात पृथ्वीराज चव्हाणांनी परिषदेत राहूनच कारभार केला. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली आणि मुदत संपत आली ती ऐन करोनात. निवडणुका थांबलेल्या, म्हणून मंत्रिमंडळाने राज्यपालनियुक्त जागेसाठी शिफारस केली. शेवटी परिषदेची निवडणूक झाली आणि मे २०२० मध्ये ते बिनविरोध निवडून आले. महामारीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य. तरी कायद्याची अट पुरी झाली आणि मतदाराला मात्र कोणी काही विचारले नाही.

शेजारच्या गोव्यात विधान परिषदच नाही. मार्च २०१७ मध्ये संरक्षणमंत्रिपद सोडून मुख्यमंत्री झालेल्या मनोहर पर्रीकरांना ऑगस्टमध्ये पणजीच्या मतदारांपुढे उभे राहावेच लागले. एकच कलम, पण ज्या मोजक्या राज्यांत परिषद आहे तिथे त्याची धार बोथट होते. १९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या लॉर्ड होम यांनी उमरावपद सोडून स्कॉटलंडात पोटनिवडणूक लढवली, तीही कायद्याची सक्ती नसताना. पंतप्रधान कॉमन्समध्येच हवा, हा संकेत त्यांना पुरेसा वाटला. मुख्यमंत्र्यापुरता तरी असा संकेत महाराष्ट्रातल्या पक्षांनी घालून घ्यायला हवा. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.