सहा लावे आणि एक कारकून

पुण्य करण्याची लहर मला वर्षातून एकदाच येते आणि तीही पगाराच्या दिवशी. महिनाअखेरीला माणूस नुसता सज्जन असतो. पुण्यवान व्हायला खिशात पैसे लागतात.

अशाच एका पगाराच्या दिवशी दर्यापूरच्या बाजारात टोपलीत सहा लावे दिसले. रानातला लावा पकडायला 1972 च्या कायद्यानं बंदी; हे फार्मवरचे, जपानी. त्यांनी माझ्याकडे करुण नजरेनं पाहिलं. (लावा सगळ्यांकडे तसंच पाहतो, असं ही म्हणते.) सहाही विकत घेतले, तडक सासऱ्यांच्या शेतात गेलो आणि हरभऱ्याच्या कडेला टोपली उघडली. म्हटलं, "जा बाबांनो, स्वतंत्र झालात!"

लावे बाहेर आले आणि माझ्या चपलांभोवती दाणे शोधू लागले.

म्हातारा सालदार धुऱ्यावर बसला होता. म्हणाला, "जवाईबुवा, या पाखराईले मांजर मालूम हाये का?"

"निसर्ग शिकवील," मी ऐटीत म्हणालो.

सकाळपर्यंत निसर्गानं पाच जणांना शिकवलं होतं. धुऱ्यावर पिसं होती. सहावा सालदाराच्या कोंबड्यांत घुसून बसला होता.

मग मी पुस्तकं चाळली. (अक्कल आपल्याकडे नेहमी थकबाकीसारखी उशिरा येते.) जपानी लावा आपल्या देशात 1974 साली इज्जतनगरला आला. पिंजऱ्यात पिढ्या गेल्या, त्यामुळे मादी अंडी भरपूर घालते, पण त्यांवर बसायचं जवळजवळ विसरली आहे. पिल्लं यंत्रात निघतात. रानातल्या लाव्याचं पिल्लू जन्मल्या दिवशीच आईमागे पळतं आणि तिनं इशारा दिला की ढेकळासारखं गप्प होतं. माझ्या सहांना इशारा कोण देणार? बल्ब?

इंग्लंडात दरवर्षी कोट्यवधी फेझंट पक्षी पाळून रानात सोडतात, ते बंदुकीनं टिपण्यासाठी. त्यातले बरेच बंदुकीआधी कोल्हाच नेतो. पण तिथले राखणदार पक्षी सोडल्यावरही रानात दाणे ठेवतात, कोल्ह्यावर नजर ठेवतात. म्हणजे मारायला सोडणारा मागे उभा राहतो आणि तारायला सोडणारा मी सात वाजता घरी जाऊन भाकर खात होतो!

बँकेत नवा पोरगा कर्जाचे पैसे दिले की फाइल मिटवतो. त्याला मीच दटावतो, "अरे, वाटप म्हणजे सुरुवात. पाहणीला कोण जाणार?" तोच मी स्वातंत्र्याचं वाटप करून मोकळा झालो होतो.

तुम्ही म्हणाल, मग काय खाटकाकडे राहू द्यायचे होते? हा प्रश्न मलाही रात्री छळतो. सुरी काय, मांजर काय, लाव्याला सारखंच. पण तिसरा रस्ता होता. घरी खुराडं करून पाळता आले असते. तो मला सुचला नाही, कारण त्यात रोज विष्ठा काढावी लागते. सोडणं एका क्षणाचं असतं, सांभाळणं रोजचं. मला तो क्षण हवा होता. लावे निमित्ताला होते.

सहावा आता आमच्या मागच्या ओट्यावर खुराड्यात असतो. रोज सकाळी बँकेत जाण्यापूर्वी त्याचं खुराडं मी धुतो. याला पुण्य म्हणवत नाही. वास फार येतो.