एका झुडपाचं बिल

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००९ साली गोल्डन गेट पुलाकडे जाणारा जुना रस्ता पाडून नवा बांधायची तयारी चालू होती. त्यासाठी कडेची झाडी तोडली आणि तिच्याआड दडलेलं एक झुडूप उघडं पडलं. शेजारून गाडीने जाणाऱ्या डॅनियल ग्लूसनकॅम्प या वनस्पतीअभ्यासकाने ते ओळखलं: फ्रान्सिस्कन मँझनिटा. जमिनीलगत पसरणारं, इवल्याशा घटांसारखी फुलं उलटी टांगणारं. रानातून ते १९४७ मध्येच संपलं, असं सगळे धरून चालले होते. तेव्हा लॉरेल हिलच्या दफनभूमीवर बुलडोझर फिरला होता. शहराला जागा हवी होती, म्हणून मृतांनाही गाव सोडावं लागलं. काही रोपं तेवढी बागांमध्ये वाचली.

जानेवारी २०१० मध्ये हे झुडूप मुळांभोवतीच्या कित्येक टन मातीसकट उचलून दुसरीकडे लावलं. खर्च दोन लाख डॉलरहून जास्त. साहजिकच लोक विचारू लागले: हेच झाड नर्सरीत विकत मिळतं, मग एवढा पैसा कशाला?

बागेतली रोपं म्हणजे बॅकअप, हे खरंच. पण बॅकअप आहे म्हणून चालू सर्व्हर कुणी बंद करत नाही. कलम म्हणजे जुन्याच झाडाची प्रत. रानातलं झाड वारा, धुकं आणि खडकाशी स्वतः झगडत असतं, बीजातून काहीतरी नवं घडायची शक्यता जपत असतं. अर्थात, क्रेनने उचलून माणसांच्या देखरेखीखाली ठेवल्यावर ते कितपत रानातलं उरलं, हा प्रश्नही रास्त आहे.

मला मात्र मूळ हिशेबच चुकीच्या खात्यात मांडलेला वाटतो. हा पैसा झुडपावर खर्च झाला असं आपण म्हणतो. झुडपाने काहीच मागितलं नव्हतं, ते आपल्या जागी नीट जगत होतं. हलवायची गरज रस्त्याला होती. शंभर कोटी डॉलरहून मोठ्या प्रकल्पात सिमेंट, लोखंड, मजुरी यांच्या शेजारी लिहायची ही आणखी एक ओळ. शेजाऱ्याची भिंत पाडून घर वाढवलं, तर ती पुन्हा बांधून देण्याला आपण दानधर्म म्हणत नाही.

ही ओळ भरूनही बिल फिटत नाही. एकट्या झुडपाचं रान होत नाही. त्याला परागकणांसाठी आपल्यासारखी दुसरी झुडपं लागतात. ती ज्या टेकड्यांवर उगवायची, तिथे आता शहर आहे.